बॉस नसलेल्या ऑफिसात निर्णय नक्की घेतं कोण?

चकाला_सिग्नल · सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

अंधेरी पूर्वेला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, नाव विचारू नका. सत्तरेक माणसं. जानेवारीत फाउंडरसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की आजपासून इथे कोणी मॅनेजर नाही, कोणी कोणाचा बॉस नाही, सगळेच 'ओनर'. टाळ्या झाल्या, सामोसे झाले. मॅनेजर होते त्यांना आता 'गाईड' म्हणायचं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं, कारण माझा आधीचा मॅनेजर म्हणजे लोकलच्या दारात उभा राहणारा, स्वतः आत जाणार नाही आणि दुसऱ्याला उतरू देणार नाही.

आता सहा महिन्यांनंतरची हकीकत. पॅन्ट्रीतलं कॉफी मशीन बंद पडलं. नवीन कुठलं घ्यायचं यावर ग्रुपवर पोल, मग त्या पोलवर पोल, मग कोणीतरी एक्सेल शीट केली, फिल्टर कॉफीवाले आणि कापुचिनोवाले अशी उभी फूट पडली, सात आठवडे झाले आणि आम्ही अजून खाली टपरीवर. आणि त्याच सात आठवड्यांत अख्खं ऑफिस ऐरोलीला हलवायचं ठरलंसुद्धा! शनिवारी रात्री मेसेज आला. कोणी ठरवलं विचारलं तर उत्तर काय, 'आपण सगळ्यांनी मिळून'. मी बोरीवलीहून येते हो. मी तरी नव्हतं ठरवलं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं पण गेल्या महिन्यात एका क्लायंटला रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, द्यायचं होतं, टेस्टिंग अर्धवट होतं, मी म्हटलं थांबू या, दोघं म्हणाले जाऊ दे, बाकीच्यांनी अंगठे दाखवले. रिलीज गेलं. क्लायंटची बिलं दोन दिवस चुकीची निघाली. आणि मग कळलं की बोर्डवर त्या कामापुढे नाव माझं होतं, म्हणजे ओनर मी. थांबवायचा अधिकार नाही, निस्तरायला मात्र मी. दोन रात्री बसून क्रेडिट नोटा काढल्या.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे, म्हणजे ऑफिस, सरकारी खातं, बँक, सोसायटी, मंडळ काहीही, निर्णय कागदावर कोण घेतं आणि खरा कोण घेतं? कुठे ही दोन माणसं एकच असतात का?

---

दादर_टीटी · रात्री १०:४९

पहिला! (आता वाचतो)

---

खवचट_काकू · रात्री १०:५५

आमच्याकडे कागदावर सासरे, खऱ्या सासूबाई. ४१ वर्षं सुरळीत चालू आहे. पुढचा प्रश्न.

---

शेरा_मारलेला · रात्री ११:२०

काकू __/\__

चकालाताई, मी मंत्रालयात २८ वर्षं काढली, सहायक म्हणून लागलो, अवर सचिव म्हणून बाहेर पडलो. आमच्याकडे उतरंड एकदम स्पष्ट. लिपिक, सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव आणि वर मंत्री. बाहेरच्या माणसाला वाटतं की निर्णय वरती होतो. सही वरती होते. निर्णय बहुतेक वेळा टिप्पणीच्या पहिल्या पानावर झालेला असतो आणि ते पान लिहिणारा असतो खालून पहिला किंवा दुसरा. कुठला जुना जीआर जोडायचा, कुठला 'सापडला नाही' म्हणायचा, पर्याय दोन मांडायचे की तीन, आणि मान्य व्हावासा वाटतो तो कितव्या नंबरला ठेवायचा, हे सगळं त्याच्या हातात. वरचे तिथून फक्त हो म्हणत जातात. एका प्रकरणात माझ्या सहायकाच्या वाक्यातली शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी वर जाऊन शासन निर्णयात छापून आलेली मी पाहिली आहे, पाच सह्या होऊन!

आणि ज्याला निर्णयच घ्यायचा नाही त्याच्यासाठी मराठी भाषेतले दोन सर्वांत ताकदवान शब्द आहेत: 'चर्चा करावी'. समासात एवढं लिहून खाली आद्याक्षरी आणि तारीख टाकली की फाईल खाली परत. ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. चर्चा होते, ती कशी झाली हे परत टिप्पणीत लिहायचं, तोवर साहेबांची बदली.

पण एक सांगतो, ही नावं ठेवलेली फाईल तुमच्या त्या अंगठ्यांपेक्षा बरी. दहा वर्षांनी उघडली तरी कोण कुठे काय म्हणालं ते तारखेनिशी दिसतं. तुम्ही 'थांबू या' म्हणालात ते कुठे लिहिलंय का आता?

---

चकाला_सिग्नल · रात्री ११:३१

कॉलवर म्हटलं होतं काका. लिहिलेलं कुठेच नाही :(

---

सेक्रेटरी_नाइलाजाने · मंगळवार, सकाळी ७:१५

मुलुंडला ३२ फ्लॅटची सोसायटी, तिसऱ्यांदा सेक्रेटरी, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. सहकारातली रचना कागदावर बघाल तर स्वप्न आहे. १९६० चा कायदा, एक सभासद एक मत, तुमचा फ्लॅट चारशे स्क्वेअर फूट असो की बाराशे. सर्वांत वर जनरल बॉडी, तिच्याखाली कमिटी, कमिटीत चेअरमन सेक्रेटरी खजिनदार. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच.

प्रत्यक्षात काय होतं? साडेआठची नोटीस काढतो. साडेआठला मी, खजिनदार, वॉचमन आणि भाड्याने आणलेल्या खुर्च्या. कोरम नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. नऊला तीच सभा परत सुरू करता येते, तेव्हा कोरमची गरज नाही, हे सगळ्यांना पाठ आहे म्हणून लोक येतातच नऊला. म्हणजे नियमाने सगळ्यांना अधिकार दिला आणि नियमानेच तो अर्ध्या तासात काढून घेतला. मागच्या वर्षी अकरा जणांनी ३२ घरांचा निर्णय घेतला. उरलेले एकवीस वर्षभर ग्रुपवर 'आम्हाला विचारलं नाही'.

आणि ताई, तुमच्या कॉफी मशीनसारखंच आमच्याकडे झालं. लिफ्ट बदलायची, लाखोंचं कोटेशन, सहा मिनिटांत मंजूर, कारण त्यातलं कोणाला काही कळत नाही. गेटला रंग कुठला द्यायचा, त्यावर पावणेदोन तास. शेवटी चॉकलेटी ठरला. चॉकलेटी कोणालाच नको होता.

---

पोहेवाले_प्रोफेसर · सकाळी ८:०२

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या गेटच्या रंगाला शास्त्रीय नाव आहे. पार्किन्सन म्हणून एका ब्रिटिश माणसाने १९५० च्या दशकात हेच मांडलं: समितीपुढे अणुभट्टीचा विषय अडीच मिनिटांत निघतो आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घासाघीस चालते. कारण शेड सगळ्यांनी पाहिलेली असते.

पण चकालाताईंच्या किश्शात एक बारीक फरक आहे. मशीनवर पोल घेतला, ऐरोलीवर घेतलाच नाही. म्हणजे वेळ कुठे गेला हा प्रश्नच नाही, लोकांना बोलायला काय दिलं आणि काय दिलं नाही हा आहे. लहान मुलाला बाबा गाडीचं खेळण्यातलं स्टिअरिंग देतो ना, तसं.

---

दादर_टीटी · सकाळी ८:१०

आता वाचला. प्रोफेसर +१. आमच्या ऑफिसात तेच खेळण्यातलं स्टिअरिंग आहे, फक्त भोंगा वाजत नाही.

---

स्टँडअप_साडेनऊ · सकाळी ९:२६

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून विरोधी पक्षात बसतो. मी पवईला आहे, आमच्याकडे मॅनेजर नाहीत आणि नीट चाललंय, बाराच माणसं आहोत हे खरं. आणि बाहेर मोठ्या प्रमाणावर चालल्याची उदाहरणं आहेत. हॉलंडमधलं बुर्टझोर्ख बघा, २००६ मध्ये सुरू झालं, घरी जाऊन पेशंटची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसची संस्था. जास्तीत जास्त बारा जणींची टीम, आपला पेशंट, आपलं वेळापत्रक, आपली नवीन नर्स निवडणं सगळं टीमच ठरवते. वर मॅनेजर नाही, सल्ल्याला एक कोच, तोही हुकूम देऊ शकत नाही. हजारो नर्सेस अशा काम करतात. त्यामुळे बॉस नाही म्हणजे गोंधळ हे समीकरण चूक आहे. ताईंच्या कंपनीने ते अर्धवट केलंय एवढंच.

---

आडवाटेने · सकाळी ११:४०

स्टँडअप, बुर्टझोर्खमध्ये टीमला काय ठरवता येतं हे आधी पक्कं केलेलं आहे आणि हिशोब, पगार, कॉम्प्युटर ही कटकट मागे एक ऑफिस सांभाळतं. म्हणजे रचना आहेच, भक्कम आहे, फक्त उभी नाही. ताईंकडे रचना काढली आणि जागा रिकामी सोडली.

रिकामी जागा मुंबईत रिकामी राहते का हो कधी? ट्रेनमध्ये तरी राहते का?

जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात स्त्रियांच्या चळवळीतल्या गटांबद्दल हेच लिहिलं होतं. तिथे तत्त्व म्हणून कोणी पुढारी नको असायचा. पण कोणाची कोणाशी मैत्री, कोण आधीपासून आहे, कोणाला वेळ आहे, त्यावरून आतल्या आत एक कोंडाळं तयार व्हायचं आणि तेच सगळं ठरवायचं. आणि ते कागदावर नाही म्हणून त्याला हटवताही येत नाही. निवडून दिलेल्या अध्यक्षाला पाडता येतं, 'आम्ही काय नुसत्या मैत्रिणी' म्हणणाऱ्यांना कसं पाडणार?

ताई, एक बघ. तुमच्या फाउंडरबरोबर जेवायला कोण बसतं? तो तुमचा ऑर्ग चार्ट.

---

चकाला_सिग्नल · दुपारी १:१५

आडवाटेने, अंगावर काटा आला. त्याच्याबरोबर चौघं बसतात. चौघंही ठाणे-नवी मुंबईत राहतात. ऐरोली :|

---

खवचट_काकू · दुपारी १:१८

खिक्. केस सॉल्व्ह्ड. धागा बंद करा.

---

गडवाट_चुकलेला · दुपारी २:४५

बंद कसला करताय, आता तर महाराजांवर यायचंय. (दिवे घ्या)

सभासदाच्या बखरीत किल्ल्यांच्या कारभाराची व्यवस्था दिलीय ती बघा. एका गडावर एक किल्लेदार, तो म्हणेल ती पूर्व, असं महाराजांनी ठेवलंच नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघं बरोबरीच्या दर्जाचे, तिघांनी मिळून कारभार करायचा. शिवाय कोठाराचा जमाखर्च बघायला कारखानीस. तिघं वेगवेगळ्या जातींचे ठेवायचे म्हणजे आपसात संगनमत व्हायला नको. एक फितूर झाला तरी गड जात नाही. काळ असा की किल्ला घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग किल्लेदार विकत घेणं हाच होता.

आणि तरीही हे 'सगळेच मालक' नव्हतं. हिशोब लिहिणं सबनिसाचं, शिपायांवर नजर सरनोबताची, हे वाटून दिलेलं.

---

बँकेतला_मधला · दुपारी ३:०५

गडवाट, आमच्या बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. एंट्री टाकणारा एक, पास करणारा दुसरा, आणि स्ट्राँग रूमला दोन चाव्या दोघांकडे. शिवाय कोणत्या पदाला किती लाखांपर्यंतचं कर्ज मंजूर करता येतं याचा छापील तक्ता असतो. त्यामुळे ताईंच्या प्रश्नाचं बँकेतलं उत्तर सरळ आहे, तक्ता बघा.

पण पळवाट सांगू? मर्यादेच्या वरचं प्रकरण असलं की मॅनेजर ते वर पाठवतो 'शिफारशीसह'. वरचा म्हणतो शाखेने शिफारस केली म्हणून मी मंजूर केलं. शाखा म्हणते मंजूर तर वरून झालं. कर्ज बुडालं की दोघांच्या मधली जागा इतकी रुंद असते की तिथून कर्जदार ट्रक घेऊन जाईल. मी त्या जागेत बसतो, आयडी त्यावरून.

---

बारभाई · दुपारी ४:३०

एवढं सगळं झालं आणि 'बारभाईंचा कारभार' अजून कोणी म्हणालं नाही म्हणजे नवल. म्हणतीलच, म्हणून आधीच निषेध नोंदवतो, आयडीची बदनामी आहे.

ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर राघोबा बसलेला. मग नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली आणि एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावाने राज्य चालवायला घेतलं. म्हणजे पेशवा पाळण्यात आणि कारभार समिती बघतेय. आज आपण 'बारभाई' म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशा अर्थाने वापरतो, पण या समितीने इंग्रजांना १७७९ मध्ये वडगावला शरण आणलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबाचा विषय संपवला. इतका बरा निकाल तुमच्या किती बोर्ड ऑफ डायरेक्टर्सनी दिलाय?

---

पोहेवाले_प्रोफेसर · दुपारी ४:५२

बारभाई, सगळं मान्य, पण अर्धंच सांगितलंत. त्याच समितीतले सखारामबापू वडगावच्याच वर्षी कैदेत गेले आणि उरला कारभार नानांचा. बाराचा एक झाला. सगळ्यांनी मिळून चालवलेल्या कारभाराचं हे नेहमीचं होतं, संकट असेपर्यंत बारा, संकट ओसरलं की ज्याच्याकडे दप्तर तो. नाना फडणीस मुळात फडणीस, हिशोबाचं दप्तर त्यांच्याकडे. शेराकाकांचा पहिल्या पानावरचा सहायक आठवा.

---

बारभाई · दुपारी ५:०१

मुद्दा योग्य. पण वडगाव ते वडगाव.

---

लालबाग_पाचवी_गल्ली · संध्याकाळी ६:४०

आमच्या मंडळात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, हिशोब तपासनीस आणि सतरा सल्लागार. पावतीपुस्तकावर नावं मावत नाहीत, मूर्तीचा फोटो लहान करावा लागतो. विसर्जनाच्या दिवशी ट्रॉली कुठल्या वळणावर किती दाबायची ते ठरवतो एकच माणूस, तो कुठल्याच यादीत नाही. वय सत्तरच्या पुढे, जुना गिरणी कामगार, गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब. अध्यक्ष असो की नगरसेवक, शिट्टी वाजली की दोरखंड सोडत नाही कोणी आणि पाऊलही टाकत नाही. त्याला हे पद कोणी दिलं? कोणीच नाही. एका वर्षी त्याचं ऐकलं नव्हतं आणि वायरीत मुकुट अडकला होता, तेव्हापासून.

---

मावळी_डबा · संध्याकाळी ७:२०

डबेवाल्यांचं नाव निघालं नाही अजून म्हणून लिहितो, माझे चुलते या धंद्यात होते. लोक कौतुक करतात ते चुका होत नाहीत याचं. मला कौतुक वाटतं ते पैशाच्या वाटणीचं. गटाची जी कमाई होते ती खर्च जाऊन सगळ्यांत सारखी, म्हातारा असो की तरणा. मुकादम असतो, पण तोही डबे उचलतो. भांडण मिटवणं, गिऱ्हाईकाशी बोलणं, कोणी गावी गेला तर त्याची लाईन कोणी करायची, हे तो बघतो. चुलते सांगायचे मुकादमाला ओरडायचा अधिकार आहे, पण ११ वाजता दादरला गाडी सुटायच्या वेळी ओरडायला वेळ कोणाला आहे.

---

स्टँडअप_साडेनऊ · संध्याकाळी ७:३८

हेच म्हणतोय मी सकाळपासून! १८९० पासून चाललंय, बॉस नाही.

---

आडवाटेने · संध्याकाळी ७:५५

स्टँडअप, डबेवाल्यांचं काम रोज तेच असतं. तोच डबा, तेच घर, तीच गाडी, डब्यावरच्या खुणेत सगळं लिहिलेलं. ठरवण्यासारखं फार उरतच नाही, जे होतं ते कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी ठरवून डब्याच्या झाकणावर रंगवून ठेवलंय. शिवाय सगळे मावळ-खेड-जुन्नरच्या पट्ट्यातले, एकमेकांच्या गावचे, सोयरेधायरे. ताईंच्या ऑफिसात कानपूर, कोची आणि कांदिवली.

---

मावळी_डबा · रात्री ८:०९

सोयरे असले की भांडणं कमी होतात असं वाटत असेल तर आमच्या गावच्या जत्रेला या.

---

क्रॉफर्डचा_भाचा · रात्री ९:१५

थोडं अवांतर, पण मुंबईचा धागा आहे म्हणून महापालिकेचं सांगतोच. लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा प्रमुख. १८८८ च्या कायद्यानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभागृह चालवतो. पैशाच्या चाव्या बऱ्याचशा स्थायी समितीकडे. तुमच्या गल्लीत खड्डा पडला की तुम्ही जाता नगरसेवकाकडे, तो जातो वॉर्ड ऑफिसात, वॉर्ड ऑफिसर आयुक्तांच्या हाताखालचा. २२७ नगरसेवक, पण खड्ड्यावर फावडं मारायचा हुकूम यातला एकही थेट देऊ शकत नाही.

हे असं का, यामागे मजेदार भांडण आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस झपाटलेला, मार्केट बांधलं, गटारं काढली, आणि पैसा पाण्यासारखा ओतला. करदाते भडकले. वर जस्टिसेसचं, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांचं, मंडळ होतं त्यांनी लक्ष ठेवायचं, ते झोपलेलं. सगळे म्हणाले, एका माणसाच्या हातात इतकी सत्ता नको, समिती नेमा. तेव्हा विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी उलट भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं, काम करणारा एकच ठेवा, समितीने कारभार केला की कोणीच जबाबदार राहत नाही, बदलायचं असेल तर त्याच्यावर नजर ठेवणारे बदला, ते लोकांनी निवडून दिलेले ठेवा. १८७२ च्या कायद्यात निवडून आलेले सभासद आले ते याच वादातून. मेहतांचा पुतळा आजही पालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे, पाठ इमारतीकडे. फायलींचा कंटाळा आला असणार.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने · रात्री ९:३०

भाचेसाहेब, उत्तम माहिती, वाचनखूण साठवली. पण मार्च २०२२ पासून काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, नजर ठेवणारं सभागृहच नाही, सगळं प्रशासकाच्या हातात. मेहतांचं अर्धंच सूत्र शिल्लक राहिलेलं. आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीला फरक कळला नाही, खड्डा दोन्ही काळात तोच होता.

---

क्रॉफर्डचा_भाचा · रात्री ९:३४

फरक हा की तेव्हा शिव्या घालायला नगरसेवक नव्हता. शिव्या घालायला माणूस असणं हीसुद्धा नागरी सुविधा आहे.

---

दोन_बेल · रात्री ११:५०

सगळा धागा वाचला. पश्चिम रेल्वेत मोटरमन होतो, आता घरी बसून नातवाला शाळेत सोडतो. मला व्यवस्थापन वगैरे कळत नाही, गाडीचं सांगतो.

लोकलमध्ये पुढे मोटरमन, मागे गार्ड. गाडी चालवतो मी, हँडल माझ्या हातात, सिग्नल पिवळा-हिरवा मला दिसतोय. तरी मागून दोन बेल आल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही. कारण फलाटावर कोण लटकतंय ते त्याला दिसतं, मला नाही. आणि चालत्या गाडीत त्याने एक बेल दिली की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. यात कोण कोणाचा साहेब? कोणीच नाही. पण कोण काय थांबवू शकतो हे दोघांनाही झोपेत विचारलं तरी माहीत. २०२२ मध्ये गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायला लागले, नाव मोठं झालं, पगाराची श्रेणी तीच आणि बेलही तीच.

दुसरी गोष्ट, लाल सिग्नल. लोकांना वाटतं लाल म्हणजे लाल. ऑटोमॅटिक सिग्नल लाल मिळाला तर मी थांबायचं, दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं. तरी लालच राहिला तर शिट्टी देऊन, गार्डशी इशारा करून, स्वतःच्या जबाबदारीवर अगदी सावकाश पुढे जायचं, पुढची गाडी दिसली की थांबता येईल एवढ्या बेताने. कोणाला फोन नाही, परवानगी नाही, निर्णय माझा. पण तोच लाल दिवा स्टेशनच्या ताब्यातल्या सिग्नलला असला तर मी तासभर उभा राहीन, अधिकाऱ्याकडून परवानगी आल्याशिवाय चाक हलणार नाही. तेच इंजिन, तोच लाल, माणूसही तोच. फरक कसा कळतो? ऑटोमॅटिकच्या खांबावर 'ए' ची पाटी असते. ती बघून कळतं की इथे मी ठरवायचं.

पहिल्या वर्षी जुलैत रात्रीच्या शेवटच्या गाडीला एका ऑटोमॅटिकला लाल मिळाला होता, पाऊस असा की काचेपलीकडे काही दिसेना. दोन मिनिटं झाली. नियमाने जायला मोकळा होतो. मी चार मिनिटं थांबलो. मागून गार्डने विचारलं काय झालं. म्हटलं दिसत नाही. तो म्हणाला बरं. दुसऱ्या दिवशी उशिराचं कारण लिहून द्यावं लागलं, लिहिलं, 'दिसत नव्हतं'. कोणी काही बोललं नाही.

बेटा, तुझ्या ऑफिसात पाट्या लावलेल्या नाहीत एवढंच दिसतंय मला. ते रिलीज का काय, त्याला एक बेल द्यायचा हक्क कोणाला आहे ते विचार त्यांना.

---

शेरा_मारलेला · बुधवार, सकाळी ६:३०

काका, साष्टांग. २८ वर्षांत एवढी नेमकी टिप्पणी वाचली नाही.

---

लालबाग_पाचवी_गल्ली · सकाळी ८:४५

आमच्या शिट्टीवाल्या आजोबांना वाचून दाखवला. म्हणाले एक बेल थांब, बरोबर आहे, मी तिथूनच घेतलं. ३० वर्षं करी रोडवरून ये-जा.

---

स्टँडअप_साडेनऊ · सकाळी १०:०५

दोन बेल काका, मी माझं म्हणणं थोडं बदलतो. आमच्या बारा जणांत पाट्या नाहीत तरी चालतंय कारण सगळे एकाच टेबलावर आहोत, बेल द्यायला फार लांब जावं लागत नाही. वीस झालो की काय होईल माहीत नाही. आजच स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, विषय काढला. एक जण म्हणाला, वीस होऊ तेव्हा बघू. म्हणजे 'चर्चा करावी'च झालं.

---

चकाला_सिग्नल · पुढचा सोमवार, रात्री ९:५५

अपडेट द्यायला आले, सगळ्यांना धन्यवाद, दोन बेल काकांना जास्त.

शुक्रवारी ऑल हँड्स, म्हणजे अख्ख्या कंपनीची मीटिंग, होती. हात वर केला आणि विचारलं, रिलीज थांबवायचा अधिकार कोणाला आहे, एक नाव सांगा. आधी शांतता. मग एक गाईड म्हणाला सगळ्यांनाच आहे. मी म्हटलं, मी थांबवत होते, थांबलं का? परत शांतता. फाउंडर म्हणाला, 'ग्रेट पॉइंट, लेट्स डिस्कस धिस ऑफलाइन.' शेराकाका, मला खरंच हसू आलं, तुमची आद्याक्षरी दिसली त्याच्या खाली.

पण ऑफलाइन खरंच बोलला, बराच वेळ. म्हणाला त्याला वाटलं होतं मॅनेजर काढले की लोक पुढे येतील. मी ऐरोलीचं विचारलं. तो म्हणाला तो निर्णय माझा होता, भाडं परवडत नव्हतं, तसं सांगितलं तर लोक घाबरतील म्हणून सगळ्यांचा म्हटलं. मला राग यायला हवा होता, आला नाही फारसा. त्याचा म्हणून सांगितला असता तर जानेवारीपासून पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी ठरवलं असं वाटलं असतं.

तर आता असं ठरलंय की क्लायंटला जाणाऱ्या प्रत्येक रिलीजला एका टेस्टरचं नाव, त्याने किंवा तिने नाही म्हटलं तर जाणार नाही, फाउंडर म्हणाला तरी नाही, आणि 'नाही' लेखी. पहिल्या महिन्याला नाव माझंच. बघू या टिकतं का. ऐरोली मात्र होतेय. बोरीवलीहून कसं जायचं हा वेगळा धागा काढेन.

आणि हो, कॉफी मशीन आलं! आज सकाळी पॅन्ट्रीत बघितलं तर लावलेलं. फिल्टरवाल्यांनाही विचारलं, कापुचिनोवाल्यांनाही, कोणी मागवलं कोणालाच माहीत नाही.

---

बँकेतला_मधला · रात्री १०:१२

ताई, अभिनंदन. ते मशीनचं बिल कोणाच्या नावावर निघालंय तेवढं एकदा बघून घ्या.

---

चकाला_सिग्नल · रात्री १०:४०

बघितलं. माझ्या.